त्याच कापडातला धागा

१

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहाला भिंगबाई हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर हजर व्हायच्या. हातात काठी, बरोबर लेक, आणि नाक मात्र वर. आजारी माणसं जशी पडेल चेहऱ्याने येतात तसं येणं त्यांना जमायचंच नाही. हॉस्पिटलवर उपकार करायला आल्यासारख्या त्या यायच्या.

त्यांचं खरं नाव काहीतरी वेगळंच होतं. पण गळ्यात काळ्या दोरीला सदानकदा एक भिंग लटकलेलं, म्हणून गिऱ्हाइकं भिंगबाई म्हणू लागली आणि बाईंनी ते नाव पदवीसारखं मिरवलं. काम रफूचं. कोटाला ठिणगीने भोक पडो की स्वेटर उंदराने कुरतडो, भिंगबाईंच्या हातून परत आलेल्या कपड्यावर भोक कुठे होतं हे जो दाखवील त्याला त्या स्वतः चहा करून पाजणार, अशी त्यांची पैज होती. एकतीस वर्षांत एकालाही तो चहा मिळाला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी बोटांना कापूस गुंडाळल्यासारखं वाटायला लागलं. आधी सुई निसटली, मग कप, मग एके दिवशी शर्टाचं बटणच लागेना. डॉक्टरांनी तपासण्या करून सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. मज्जातंतूंवर आवरण असतं ते जागोजागी झिजतं आणि मेंदूचा निरोप हातापर्यंत धड पोचत नाही.

"म्हणजे विरलंय," भिंगबाई म्हणाल्या.

"तसंच म्हणा."

"मग रफू करा की."

"ते अजून आम्हाला जमत नाही हो," डॉक्टर हसले.

बाहेर आल्यावर भिंगबाई लेकीला म्हणाल्या, "ऐकलंस? त्यांना जमत नाही म्हणे." त्यांना रडू यायला हवं होतं. त्याऐवजी मान अशी काही ताठ झाली की लेकीला त्याही प्रसंगात हसू आलं.

हाताच्या थेरपीची खोली लहानशी होती. रबरी चटई अंथरलेलं एक टेबल, हातांची खुर्ची, पार्किंगकडे उघडणारी खिडकी आणि अखंड गुणगुणणारा एक संगणक. थेरपिस्टबाई चाळिशीच्या, बोलायला गोड, कामाला कडक. त्या पाणबुड्याच्या मुखवट्याएवढा व्हीआरचा हेडसेट डोक्यावर चढवायच्या आणि खोली नाहीशी व्हायची. समोर एक पांढरं टेबल, तीन बरण्या, रंगीत गोट्या. लाल गोटी लाल बरणीत, निळी निळ्या बरणीत. हेडसेटचे कॅमेरे भिंगबाईंचे हात बघायचे आणि त्या हातांच्या जागी दोन करडे हात दाखवायचे. नखं नाहीत, सुरकुत्या नाहीत, मनगटाशी संपलेले.

"एवढी हयात सुईत घालवली आणि आता गोट्या खेळतेय," भिंगबाई म्हणायच्या.

शेजारच्या खोलीत त्याच वेळेला एक शाळेच्या बसचे ड्रायव्हर असायचे. दुखणं तेच, वय थोडं कमी. त्यांच्यासोबत त्यांची धाकटी बहीण यायची आणि ती बाकावर बसल्यापासून उठेपर्यंत बोलत असायची. प्रत्येक सेशननंतर नऊ भोकांची पाटी समोर यायची. नऊ खुंट्या एकेक करून लावायच्या, एकेक करून काढायच्या, थेरपिस्ट वेळ मोजणार. निरोगी माणसाला वीसेक सेकंद लागतात.

"भिंगबाई, आज किती?" ड्रायव्हर विचारायचे.

"अठ्ठावन्न."

"माझे त्रेपन्न!"

भिंगबाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दुकानात सात महिने एक कोट टांगून ठेवला होता. निवृत्त बँडमास्तरांचा, छातीवर जळालेला. दुसऱ्या कुणाकडे द्यायला ते तयार नव्हते. थंडी सुरू होईपर्यंत हात आला नाही तर तो कोट परत करायचा आणि दुकानाला कुलूप लावायचं, असं भिंगबाईंनी मनाशी ठरवलं होतं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण लेकीला ठाऊक होतं.

२

गोट्यांना त्या विटल्यात हे थेरपिस्टबाईंच्या ध्यानात आलं. एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "भिंगबाई, हा खेळ माणसाच्या हातावरून शिकतो. तुम्ही रफू कशी करता ते नुसत्या हाताने दाखवा. आमची प्रोग्रॅमर मंडळी त्यातून तुमच्यासाठी वेगळी लेव्हल तयार करतील."

"नुसत्या हाताने? सुई नाही, कापड नाही?"

"कॅमेऱ्याला हालचाल हवी."

बोटं थरथरत होती, पण हाताला आतून सगळं पाठ होतं. भिंगबाईंनी हवेतच कापड अंथरलं. कड साफ केली. उभे धागे कसे टाकायचे, आडवा धागा एक वरून एक खालून कसा न्यायचा, ओढ किती द्यायची, मनगट कधी वळवायचं. दाखवता दाखवता त्यांना जोर चढला. त्या बोलायला लागल्या. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांचं काम बघत होतं, आणि बघणाऱ्याचं लक्ष इकडेतिकडे जात नव्हतं.

"आणि आता मुद्द्याची गोष्ट," त्या म्हणाल्या. "धागा कुठला घ्यायचा? लोक बाजारातून रंग जुळवून आणतात. अडाणी! रंग जुळला तरी धागा परका तो परकाच, दोन धुण्यांत चुगली करतो. धागा त्याच कापडातला घ्यायचा. आतली दुमड उलटायची, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून चार सोडून एक धागा काढायचा. सलग काढले तर कापड खचेल. चार सोडून एक. कापडाला पत्ताही लागत नाही."

हवेतली दुमड उलटून त्यांनी हवेतला धागा हळूच ओढला. थेरपिस्टबाई बघतच राहिल्या.

"हे तुम्ही कुणाला शिकवलंय?"

"दुकानात आलेल्या शिकाऊंना नाही, लेकीलाही नाही. तिला सुई वेगळ्याच कामाला हवी होती." लेक एका लॅबमध्ये रक्त काढायची. शीर दिसो न दिसो, बोटाने चाचपून पहिल्या टोचणीत रक्त काढण्यात तिचा हातखंडा होता. लोक नाव घेऊन तिलाच मागायचे. "हात माझ्यावर गेलाय," भिंगबाई म्हणाल्या, आणि हे त्या आठवड्यातून निदान दोनदा तरी म्हणायच्याच.

हेडसेट काढल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. एकतीस वर्षं जपलेली गोष्ट एका यंत्राला सांगून टाकली, याचं जरा नवलही वाटलं. पण गाडीत बसल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "आज मी त्या यंत्राची मास्तरीण झाले."

३

नवी लेव्हल पंधरा दिवसांनी आली. पांढऱ्या टेबलावर एक राखाडी कापड, मधोमध रुपयाएवढं भोक. करड्या हातात सुई. पहिल्या दिवशी भिंगबाईंनी दोन ओळी भरल्या आणि त्यातली एक वाकडी गेली. तरी त्यांचा चेहरा असा खुलला की लेकीने बाहेर विचारलं, आत काय लाडू वाटत होते का.

तिसऱ्या सेशनला भिंगबाईंच्या बोटांना लोकर लागली.

म्हणजे कापडाची लव लागली. किंचित खरखरीत, किंचित ऊबदार. त्यांनी हात थांबवला. त्यांची बोटं हवेत होती, चार इंच खाली रबरी चटई होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि गेली दोन वर्षं त्या बोटांना चहाचा गरम कपसुद्धा नीट लागत नव्हता.

"असं होतं," थेरपिस्टबाई म्हणाल्या. "डोळ्यांना हात दिसतो, मेंदू फसतो, स्पर्श भरून काढतो. चांगलंच लक्षण आहे."

पाटीची वेळ त्या दिवशी एकोणपन्नास आली. पुढच्या मंगळवारी चव्वेचाळीस. ड्रायव्हर एक्कावन्नावर अडकले होते. भिंगबाई बाकाजवळून जाताना मुद्दाम सावकाश गेल्या.

खटकली ती एक बारीकशी गोष्ट. शुक्रवारी त्या सात ओळी भरून उठल्या होत्या. मंगळवारी हेडसेट चढवला तर कापडावर नऊ ओळी होत्या.

भिंगबाईंनी पुन्हा मोजल्या. नऊच. आणि जास्तीच्या दोन ओळी खेळाने आपल्या मनाने भराव्यात तशा एकसारख्या, यंत्राच्या नव्हत्या. भिंगबाईंची स्वतःची एक लकब होती. ओळ संपताना धागा तांदळाचा अर्धा दाणा मागे घ्यायचा, म्हणजे कड ओढली जात नाही. त्या दोन ओळींना ती लकब होती.

"मधे कुणी खेळलं का माझ्या लेव्हलवर?"

थेरपिस्टबाईंनी टॅब पाहिला. "नाही. खेळ कधीकधी स्वतःच सराव करतो. तुम्हाला पुढचं किती अवघड द्यायचं ते ठरवायला."

उत्तर पटण्यासारखं होतं. यंत्र शिकतं, तर सरावही करणारच. भिंगबाईंनी भिंगाशिवाय डोळे बारीक करून त्या दोन ओळी पाहिल्या. काम उत्तम होतं. खोलीत संगणक गुणगुणत होता, आणि त्यांना उगीचच वाटलं की त्या यायच्या आधी तो गप्प होता. मग त्यांनी तो विचार झटकला आणि दहावी ओळ अशी भरली की आधीच्या दोन फिक्या पडाव्यात. विद्यार्थ्याने मास्तरणीच्या पुढे जायचं म्हणजे काय!

४

दोन महिन्यांत पाटी चोवीस सेकंदांवर आली. डॉक्टरांनी हात दाबून पाहिले, टाचणी टोचून पाहिली, कागदपत्रं दोनदा चाळली. औषधं लागू पडली म्हणाले, आणि सरावाचाही वाटा आहे म्हणाले. भिंगबाईंनी मनातल्या मनात वाट्यांची अदलाबदल करून टाकली.

त्याच आठवड्यात दुपारी दुकानात त्यांनी बँडमास्तरांचा कोट खुंटीवरून काढला. खिडकीपाशी उजेड स्वच्छ होता. कॉलरखालची दुमड उलटून चार सोडून एक धागा ओढला. सुईत दोरा पहिल्या फटक्यात गेला. त्या क्षणी त्यांचे डोळे भरून आले, आणि आपण रडतोय याचाच त्यांना राग आला, कारण समोरचं धूसर दिसायला लागलं.

साडेतीन तास त्या उठल्या नाहीत. बँडमास्तर आले, कोट अंगात घातला, आरशासमोर छातीवरून हात फिरवला, कोट काढून उजेडाला धरला, उलटा करून पाहिला.

"कुठे होतं हो?"

"तुम्हीच सांगा. चहा ठेवू का?"

म्हातारबुवांनी कोट पोटाशी धरला आणि वाकून नमस्कार केला. भिंगबाईंची छाती इतकी फुगली की भिंग वर उचललं गेलं. ते गेल्यावर त्या खुर्चीत बसून राहिल्या आणि दोन्ही हात उजेडात धरून बघत राहिल्या. आपले हात. कमावलेले, गमावलेले आणि परत मिळवलेले.

सहज म्हणून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं.

अंगठ्याच्या मुळाशी कातडीच्या बारीक रेषा तिरक्या जातात. एका जागी त्या रेषा केसाच्या शतांशाएवढ्या सरकल्या होत्या. दुसऱ्या कुणाला सात जन्मांत दिसलं नसतं. पण जिथे जुनी वीण संपून नवी वीण सुरू होते ती जागा भिंगबाईंना दिसणार नाही तर कुणाला? एक वरून, एक खालून. ओळ संपताना अर्धा दाणा मागे.

त्यांनी भिंग पुसलं. पुन्हा पाहिलं. रेषा मनगटापर्यंत तशाच होत्या, आणि बाहीच्या आत जात होत्या.

पहिला विचार मनात आला तो असा, की काम काय सुरेख आहे! आणि मग दुसरा, की हे केलं कुणी.

हे खूळ आहे, त्यांनी स्वतःला बजावलं. जन्मभर वीण पाहिली की भिंतीच्या पोपड्यांतही वीण दिसते. चौपन्न वर्षांची कातडी आहे, सुरकुतणारच. त्यांनी भिंग खाली सोडलं, बाही नीट केली आणि दुकान आवरायला घेतलं. त्या दिवशी घरी जाताना त्यांनी बाहीचं बटण दोनदा तपासलं.

५

"आज तिघांची शीर चुकली," लेक जेवताना म्हणाली.

"दमली असशील."

"दमले तर नाही. बोटाला लागतच नव्हती गं."

दुसऱ्या दिवशी ती गरम पाण्याची पिशवी गुडघ्याखाली घेऊन पुस्तक वाचत पडली होती. उठली तेव्हा गुडघ्याच्या मागे भाजल्याचा फोड होता. तिला कळलंच नव्हतं. भिंगबाई मलम लावायला बसल्या. त्यांच्या बोटांना आता सगळं लागत होतं. मलमाचा गारवा, फोडाची ऊब, लेकीच्या कातडीचा मऊपणा. लेक पालथी पडून फोनवर काहीतरी बघत होती. भिंगबाईंनी आवाज न करता भिंग डोळ्याला लावलं.

गुडघ्याच्या मागची घडी. बसलं की मिटते, उभं राहिलं की कपड्याने झाकलेली असते, आणि आरशातही दिसत नाही. तिथल्या रेषांमधून काही रेषा नाहीशा झाल्या होत्या. सलग मात्र नाही. चार सोडून एक.

भिंगबाईंना स्वतःला धागा काढायचा असता तर त्यांनी तो इथूनच काढला असता, आणि असाच.

"झालं का गं आई?"

"झालं," भिंगबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच निघाला.

डॉक्टर फोनवर म्हणाले की हा आजार कधीकधी घराण्यात दुसऱ्या कुणाला होऊ शकतो, घाबरू नका, तपासणी करून घेऊ. हे कारण भिंगबाईंनी घट्ट धरून ठेवलं. शास्त्राला धरून होतं, सरळ होतं, आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. दीड दिवस त्यावर निघाला. मग त्यांनी एक साधी परीक्षा घ्यायचं ठरवलं. सर्दीचं निमित्त करून त्या मंगळवारी गेल्या नाहीत, शुक्रवारीही गेल्या नाहीत. लेकीची बधिर जागा होती तेवढीच राहिली. शीर चुकली नाही.

पुढच्या मंगळवारी त्या गेल्या. लेकीला बाकावर बसवलं. शेजारी ड्रायव्हरची बहीण नव्या पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होती. आत जाऊन भिंगबाईंनी हेडसेट चढवला आणि फक्त एक ओळ भरली. एकच. ओळ इतकी देखणी गेली की हात दुसऱ्या ओळीकडे आपसूक वळला. त्यांनी तो मागे ओढला आणि हेडसेट काढून बाहेर आल्या.

लेक फरशीवर उकिडवी बसली होती. गाडीची किल्ली खाली पडली होती आणि ती उचलत होती. बोटं किल्लीवर यायची, मिटायची, आणि किल्ली तिथेच. परत यायची, मिटायची.

"गंमतच आहे," ती वर बघून हसली. "बोटांना कापूस लावल्यासारखं झालंय बघ."

भिंगबाई उभ्या राहिल्या. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाचं कापड बिघडवलं नव्हतं. हा त्यांचा अभिमान होता, आणि तो पैजेच्या चहापेक्षा मोठा होता.

"बस इथेच," त्या म्हणाल्या. "माझं थोडं राहिलंय आत."

"तेवीस!" शेजारच्या खोलीतून बाहेर येत ड्रायव्हर ओरडले. "भिंगबाई, तुमची लेव्हल मलाही दिलीय! महिना झाला! आता चहा प्यायचा ब्रेक, आणि मग अजून एक फेरी." ते आनंदाने हात नाचवत होते. त्यांची बहीण बाकावर बसून पायाचा घोटा चोळत होती, आणि बोलत होती.

६

"सोळा हॉस्पिटलांमध्ये दिलीय ती लेव्हल," थेरपिस्टबाई हेडसेटचा पट्टा आवळता आवळता म्हणाल्या. "तुम्हाला सांगायचंच राहिलं. तुमच्या हाताने सगळे शिकताहेत."

दुसरा कुठलाही दिवस असता तर भिंगबाई आठवडाभर जमिनीवर उतरल्या नसत्या. आजही, खोटं कशाला बोला, काळजाच्या एका कोपऱ्यात काहीतरी चमकलंच.

पांढरं टेबल आलं. राखाडी कापड आलं. भोक जवळजवळ भरलं होतं. भिंगबाईंनी कापड उलटं केलं, कारण सुरेखातल्या सुरेख रफूलाही उलट्या बाजूने टोक सापडतंच. सापडलं. त्यांनी ते नखाने, म्हणजे नखं नसलेल्या करड्या बोटाने, उचललं आणि ओढलं.

उसवणं हे काम त्यांनी आयुष्यात कुणापुढे केलं नव्हतं. उसवणं म्हणजे चूक कबूल करणं. पण आता सुरुवात केल्यावर ते त्यांनी असं केलं की बघत राहावं. एकही धागा तुटला नाही. ओळीमागून ओळ सुटत गेली. प्रत्येक ओळीबरोबर त्यांच्या बोटांतलं काहीतरी विझत होतं. आधी लोकर गेली, मग ऊब, मग आपली बोटं एकमेकांना लागताहेत हेही. त्यांना वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. त्या थांबल्या नाहीत.

बाराव्या ओळीला समोरून हात आले.

टेबलाच्या पलीकडच्या कडेवरून दोन करडे हात, नखं नसलेले, मनगटाशी संपलेले. भिंगबाईंचे हात त्यांच्यासमोर होते. हे दुसरे होते. त्यांनी काही हिसकावलं नाही. फक्त तळवे वर करून थांबले. भिंगबाईंनी सुटलेला धागा नकळत पुढे केला आणि त्या हातांनी तो घेतला, अलगद, गुंता न करता, आणि टेबलाखाली कुठेतरी नेऊन ठेवला. मग पुन्हा येऊन थांबले.

भिंगबाई खुर्चीत मागे सरकल्या. तरी एवढ्या वर्षांत इतकी शिकाऊ माणसं आली आणि गेली, पण न सांगता धागा असा हातात घेणारं त्यांत एकही नव्हतं, हेही त्यांच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

"जिथला आहे तिथे ठेव," त्या पुटपुटल्या.

हात गेले. आले. गेले. शेवटच्या ओळीचं टोक भिंगबाईंच्या बोटांत होतं तेव्हा बाहेरून लेकीची किंकाळी आली.

"आई! उचलली! किल्ली उचलली मी!"

भिंगबाईंनी टोक सोडलं आणि हेडसेट ओढून काढला.

लेक दारात उभी होती, चिमटीत किल्ली धरून. तिने आईच्या गळ्यात हात टाकले. भिंगबाईंना मिठी दिसली, खांद्यावर जाणवली, हातांना मात्र लागली नाही. मग लेक गाडी आणायला खाली गेली. थेरपिस्टबाईंनी पाटी पुढे केली. खुंट्या पडल्या, घरंगळल्या, भिंगबाईंनी त्या एकेक करून पुन्हा उचलल्या.

"एकसष्ट," थेरपिस्टबाई हळूच म्हणाल्या. "वाईट दिवस असतात, भिंगबाई. यावरून काही..."

"एकसष्ट. लिहा. नीट अक्षरात लिहा." मान नेहमीपेक्षाही ताठ होती. आजवर केलेल्या सगळ्या कामांत हे काम अव्वल होतं आणि ते कुणाला कळणार नव्हतं. नाहीतरी चांगली रफू कुणाला कळतच नाही.

थेरपिस्टबाईंनी विषय बदलला. "पण आज तुमच्या हातांनी काय केलं हो ते! उलटी हालचाल, सोडत जायची. खेळाने लगेच घेतली. शेजारी सुरूसुद्धा झाली असेल."

भिंगबाई काठी घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या.

उसवताना शेवटच्या ओळीशी धागा अडकवून घ्यायचा असतो. एक छोटासा फास, दोन सेकंदांचं काम. तो घातला नाही तर पुढचं कापडही सुटत जातं, धागा ज्यातून काढला तेही, आणि मग ते कुठे थांबेल याचा नेम नसतो. त्यांनी ते शंभरदा केलं होतं, आज घाईत राहून गेलं. समोरच्या हातांनी सगळं पाहिलं होतं. फक्त थांबायचं कसं, तेवढं पाहिलं नव्हतं.

शेजारच्या खोलीचं दार बंद होतं. आतून ड्रायव्हरच्या बहिणीचा आवाज येत होता. आज ती सोबतीला आत बसली होती. पडद्यांचं कापड किती मीटर लागेल, निळा घ्यावा की पिवळा. दाराला गोल, गुळगुळीत, स्टीलची मूठ होती. भिंगबाईंनी तिला हात घातला आणि हात घसरला. दोन्ही हात घातले. बोटं मिटत होती, पण धरत नव्हती.

"आत्ता नको, भिंगबाई," मागून थेरपिस्टबाई म्हणाल्या. "त्यांचं सेशन चालू आहे."

दाराला छोटीशी काच होती. हेडसेट घातलेले ड्रायव्हर पाठमोरे बसले होते. त्यांचा उजवा हात हवेत चिमटी करत होता आणि ओढत होता, भरभर, एकही धागा न तोडता. मनगट वळत होतं ते हुबेहूब भिंगबाईंचं.

"पिवळा घेतला की खोली कशी उजळते," बहीण म्हणत होती, "आणि मग दादा, त्या खिडकीला आपण..."

तिचं बोलणं तिथेच थांबलं.

भिंगबाईंनी कोपराने दार ठोठावलं, खांद्याने ढकललं.

"जमतंय!" आतून ड्रायव्हर अभिमानाने ओरडले. "भिंगबाई, ऐकताय का? काय सरसर जमतंय!"